पर्जन्यछायेतल्या दोन खोल्या

बाईंच्या घरात डावं-उजवं नव्हतं. म्हसवडला त्यांच्या दोन खोल्या भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा मी प्यायला पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "माठ तुझ्या नैऋत्येला आहे. घे."

मी आधी छताकडं बघितलं, मग बायकोकडं. सुनीतानं दंडाला धरून मला हळूच वळवलं. बाईंनी तेवढं बघितलं आणि विषय संपवला. "सिस्टरला दिशा कळतात. खोल्या तुम्हाला दिल्या."

सुनीता तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि ती दोन्ही वर्षं ती म्हसवडला आणि मी पुण्यात अशी गेली होती. माझं काम कानाला हेडफोन लावून बसायचं. एका कंपनीच्या मशिनी ठिकठिकाणच्या कारखान्यांत बसवलेल्या असतात. त्या अडल्या की तिथली माणसं फोन करतात आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं घेऊन काय बिघडलंय ते सांगतो. हे काम घरून केलं तरी चालेल असं साहेबांनी एकदाचं कबूल केलं, आणि आम्ही पहिल्यांदा एका घरात राहायला आलो. साहेबांची अट एकच होती, नेट तुटता कामा नये.

बाई भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावातल्या निम्म्या लोकांची त्यांच्यासमोर अजून पाठ ताठ व्हायची. उंच, सडसडीत, फिक्या रंगाची सुती साडी, पदर डोक्यावरून घेतलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने काळी छत्री. त्यांचे वडील गवंडी. पाथरवटाचं आणि गवंड्याचं दोन्ही काम त्यांच्या हातात होतं म्हणे. त्या मोहल्ल्यातून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी म्हणजे बाई. लग्न केलं नाही. का, असं सुनीतानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राहून गेलं. तेव्हा जिल्ह्याचा नकाशा काढत होते." ही थट्टा होती की खरं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

गच्चीवर त्यांनी पाऊस मोजायचं नळकांडं ठेवलं होतं. रोज सकाळी साडेआठला त्या वर जायच्या, नळकांड्यात बघायच्या, खाली येऊन वहीत लिहायच्या. माणदेशातला पाऊस तो. पानंच्या पानं शून्य. मी एकदा म्हणालो, "बाई, मार्चमध्ये तरी कशाला चढता वर? ऊन दिसतंय की."

"दिसतंय ते तुला. मी मोजलेलं नाही अजून. शून्य हीसुद्धा नोंद असते, सांगलीकर."

मी सांगलीचा, म्हणून सांगलीकर. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला पाण्याची किंमत नसते, असं त्यांचं पक्कं मत होतं. मी नळ जरा जास्त सोडला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सांगलीकर, हे म्हसवड आहे!"

ती मधली भिंत म्हणजे काय चीज होती ते सांगायला पाहिजे. बाईंचं मूळ घर काळ्या दगडाचं, त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. लोकांची घरं आठवडाभर बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या घरासाठी दगड घडवायचे, असं कितीतरी वर्षं चाललं. पूर्वेची भिंत पुरी दोन फूट जाडीची. उन्हाळ्यात पोरीला अभ्यासाला गारवा पाहिजे म्हणून त्यांनी ती तेवढी जाड केली, आणि सकाळचं ऊन येऊ नये म्हणून तिला खिडकीसुद्धा ठेवली नाही. त्या भिंतीला पाठ लावून बसायचं आणि पुस्तक वाचायचं, असं बाईंचं सगळं शिक्षण झालं. पुढं त्याच भिंतीच्या मागच्या अंगाला विटांच्या दोन खोल्या काढल्या. त्या आमच्या. दोन्हीच्या मधे दार नाही. आमच्याकडं यायचं तर घराला वळसा घालून बोळातून यायला लागायचं. त्या दगडी भिंतीला बाईंनी कधी खिळा मारू दिला नव्हता. कॅलेंडरसुद्धा खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं असायचं.

पहिले काही दिवस मी मोबाइलच्या नेटवर काम चालवलं. ते दुपारी हमखास जायचं. एका दुपारी मी बोळात, कोपऱ्यावर, हेडफोन लावून आणि लॅपटॉप डोक्याच्या उंचीवर धरून उभा होतो. बाई बाजारातून आल्या. छत्री मिटून त्या बघत राहिल्या.

"काय करतोयस?"

"रेंज शोधतोय."

"आमच्या घरात नळ आहे, वीज आहे, आणि नेट नाही?" त्यांनी जणू स्वतःलाच दम भरला. "भाडेकरूला नुसत्या भिंती द्यायच्या नसतात. चूक माझी आहे. उद्या साताऱ्याला जायचं."

दहिवडीमार्गे साताऱ्याला जायला एस.टी.नं अर्धा दिवस जातो. बाई खिडकीशी बसून वाटेत दिसणारे डोंगर, ओढे, पाणलोट मला सांगत होत्या. राउटर म्हणजे काय, हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न करत होतो. साताऱ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत मला अर्धा सातारा जिल्हा पाठ झाला होता आणि त्यांना राउटर माझ्यापेक्षा जास्त समजला होता.

दुकानदारानं पहिल्यांदाच सगळ्यात मोठं खोकं काढलं. "हा घ्या मॅडम. आठ अँटेना. अख्ख्या बंगल्याला पुरतोय."

"माझा बंगला नाही. आठ कशाला?"

"रेंज जादा मिळते ना."

"किती जादा? दगडाच्या भिंतीतून किती? विटेच्या किती? लिहिलंय कुठं?"

"तसं लिहिलेलं नसतंय मॅडम."

"मग तू कशावरून सांगतोस?"

दुकानदार हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून नकाशे वाचायचं भिंग काढलं आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. एक झालं, दुसरं मागितलं. दुसरं झालं, तिसरं. मी त्यांना सांगितलं होतं की ह्यात दोन तऱ्हेच्या लहरी असतात, एक लांब आणि एक आखूड. आखूड लहर वेगानं काम करते, पण भिंत आली की तिचा जीव जातो. लांब लहर जरा सावकाश चालते, पण अडथळ्यातून तग धरते. बाईंनी ते लगेच उचललं होतं. "म्हणजे मला दोन्ही पाहिजेत. आखूड माझ्या खोलीत मुक्काम करेल, लांब सांगलीकराकडं जाईल." मग त्यांनी डबा उलटा करून मागची चार पिवळी भोकं मोजली. "ही कशाला?"

"वायर जोडायची असली तर. हल्ली कोण जोडत न्हाई."

"पण जोडता येते?"

"येते की."

"मग हा दे."

तासाभरानं त्यांनी चार अँटेनांचा, दोन्ही लहरींचा एक साधा डबा पसंत केला. तोवर दुकानदारानं त्यांना बसायला स्टूल दिलं होतं, चहा मागवला होता, आणि आम्ही निघताना त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, आमचं घर तीन मजली हाय, आन् राउटर तळात. वरच्या मजल्यावर काय येत न्हाई. काय करू?"

"मधल्या मजल्यावर ठेव," बाई म्हणाल्या. "दिवा काय तळघरात लावतोस?"

कनेक्शन जोडायला जो माणूस आला तो बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. चाळिशीचा, भरघोस मिशांचा, पण दारात बाई दिसल्या तशी त्यानं चप्पल बाहेर काढली आणि हात मागं बांधले. त्यानं पुढच्या खोलीत वायर आणली, डबा मीटरशेजारी ठोकला आणि मोबाइल बघून म्हणाला, "बाई, फुल हाय."

"कुठं?"

"हितं."

"इथं असणारच. तू त्याच्या मांडीवर उभा आहेस. मागच्या खोल्यांत जाऊन बघ."

तो बोळातून आमच्याकडं जाऊन आला. मिशीवर बोट फिरवत म्हणाला, "तकडं काय बी न्हाई. मधी ती भित हाय न्हवं. भोक पाडून वायर न्यावी लागंल बाई."

"त्या भिंतीला भोक पडणार नाही."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी तो वायर घेऊन गच्चीवर चढला. त्यानं ती वरून आमच्या खोल्यांत उतरवून दिली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी वानरांनी तोडली. मग ती पाइपात घालून टाकली, तर वानरांनी पाइपासकट ओढून शेजारच्या लिंबावर नेली. आमच्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यावं म्हटलं, तर तीही वायर गच्चीवरूनच येणार, आणि बोळातून वळवली तरी वानरांच्या हाताला लागणारच. एक मोठं वानर पाइपाचा तुकडा मांडीवर घेऊन बसलं होतं आणि बाई खालून त्याच्याकडं छत्री रोखून "ठेव ते!" म्हणत होत्या. जणू ते नववी ब मधलं होतं.

त्यानंतर बाईंनी सगळ्या घराचा नकाशा काढायला घेतला. आलेखाचा मोठा कागद जमिनीवर अंथरला, घर मापून त्यावर उतरवलं आणि दोन-दोन फुटांवर खडूनं फरशीवर फुल्या मारल्या. मोबाइलमध्ये लहरींचं बळ दाखवणारं एक अॅप मी त्यांना घालून दिलं. त्यात आकडे उणे असतात. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. बाईंना ह्याचा भलताच आनंद झाला. "म्हणजे समुद्रसपाटीच्या खालचा प्रदेश! सिस्टर, फ्रीजपाशी उभी राहा. किती?"

"उणे छप्पन, बाई."

"एक पाऊल पूर्वेला. पूर्वेला गं, चुलीकडं नव्हे. किती?"

राउटर त्यांनी कुठं म्हणून ठेवला नाही! कपाटावर, कोनाड्यात, दोरीला टांगून आढ्याशी. लोखंडी कपाटाआड ठेवल्यावर आकडा धाडकन पडला, तेव्हा त्यांनी ते कपाटच त्या खोलीतून हलवलं. चार माणसांना ओढायला लावलं. जागा बदलली की सगळ्या घराची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवस हे चाललं. सुनीता रात्रपाळी करून आलेली असली तरी दहा मिनिटं मोबाइल धरून उभी राहायची. "म्हाताऱ्या माणसासाठी करतेस?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्या आपल्यासाठी करतायत. मोबाइल धरायला मला काय होतंय?"

समान आकड्यांच्या फुल्या त्यांनी रेषांनी जोडल्या. पुढच्या खोलीत रेषा ऐसपैस होत्या. आमच्याकडं यायला लागल्या की गर्दी करायच्या आणि काळ्या भिंतीपाशी एकीवर एक चढायच्या. आमच्या दोन खोल्यांवर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'पर्जन्यछायेचा प्रदेश'.

कारखान्यांचे फोन रात्री-अपरात्रीही यायचे, त्यामुळं बाईंच्या खोलीत जाऊन बसायची सोय नव्हती, आणि त्याच आठवड्यात मोबाइलच्या नेटवर माझं काम दोनदा मधेच तुटलं. दुसऱ्यांदा तुटलं तेव्हा पलीकडचा कारखाना बंद पडलेला होता आणि तिथली माणसं पडद्यावर थिजलेल्या माझ्या तोंडाकडं बघत होती. साहेबांनी फोन केला. रागावले नाहीत, त्यामुळं जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "सोमवारचा दिवस बघू. पुन्हा तुटलं तर पुण्याला या. माझा इलाज नाही." सुनीतानं माझी बॅग खाली काढली आणि ती शर्टांच्या घड्या घालायला लागली. तिची बदली इतक्यात होणं शक्य नव्हतं. पुन्हा तेच, महिन्यातून दोनदा एस.टी.

मी बाईंना सांगायला गेलो. त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या होत्या. समोर तो नकाशा.

"बाई, मी सोमवारनंतर बहुतेक पुण्याला जाईन. सुनीता राहील इथं. तुमची काही चूक नाही."

त्या नकाशातल्या त्या गर्दीवर बोट ठेवून होत्या. "नकाशात रेषा अशा दाटल्या की मुलांना मी काय सांगायचे माहितीय? इथं कडा आहे." मग म्हणाल्या, "मी आठ दिवस राउटर हलवला. कपाट हलवलं. जे हलवायचं नव्हतं ते सोडून सगळं हलवलं. हे मोजणं नव्हे. ही पळवाट झाली." आणि त्यांनी फोन उचलला. "दस्तगीर, हत्यारं घेऊन ये."

दस्तगीरभाई म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. पलीकडच्या गल्लीत राहायचे. वडिलांचं काम त्यांनीच पुढं चालवलं होतं. बहीण-भाऊ एरवी आपसात दखनीत बोलायचे, पण भांडण आलं की दोघंही मराठीवर यायचे. त्या दिवशी ते दारातच मराठीवर आले.

"आपा, तुझं डोस्कं फिरलंय का? अब्बाच्या भितीला छिन्नी लावू? माझ्या हातानं?"

"तुझ्याच हातानं. दुसऱ्याचा हात मी लागू देणार न्हाई."

"एका भाडेकरूसाठनं?" ते माझ्याकडं वळले. "तुमाला म्हणून न्हाई म्हनत, भाऊ. पर ह्या भितीचा एकेक दगड म्या उचलून दिलाय. बारा वर्साचा हुतो."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "राहू द्या, बाई. खरंच राहू द्या."

"तू गप रं!" बाई पहिल्यांदा गावाकडच्या बोलीत ओरडल्या. मग भावाला म्हणाल्या, "दस्तगीर, अब्बानं ही भित कशापायी बांधली?"

"तुला शिकायला."

"मग मी शिकले. आता तिच्यापायी नवरा-बायकू दोन गावाला राहणार. हे मी शिकले का?"

दस्तगीरभाईंनी पिशवी खाली ठेवली. हातोडीचा दांडा घेऊन ते भिंतीवर ठिकठिकाणी हळू ठोकायला लागले आणि कान लावून ऐकायला लागले. कंबरेएवढ्या उंचीवर एका ठिकाणी आवाज पोकळ आला. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं.

"हितं परांचीचं लाकूड हुतं," ते म्हणाले. "वर चढाय लाकडं भितीत आरपार घालायची, आन् काम झालं की काढून भोक चुन्यानं, खापरानं बुजवायचं. ह्ये भोक अब्बानंच ठिवल्यालं हाय. दगडाला धक्का लागत न्हाई."

तरी दीड तास लागला. चुना लोखंडासारखा झाला होता. बाई सगळा वेळ शेजारी उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. शेवटचा खापराचा तुकडा आमच्या बाजूला पडला तेव्हा त्या वाकल्या आणि त्या भोकातून आमच्या खोलीत बघितलं. पलीकडं सुनीता उभी होती. दोघींची नजरानजर झाली असावी, कारण सुनीता नंतर म्हणाली की बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते दिसलं नाही. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि ती ताठ होती.

वायर ओवली. एक टोक राउटरच्या मागच्या पिवळ्या भोकात, दुसरं आमच्याकडं नेट पसरवायला आणलेल्या एका लहान डब्यात. दस्तगीरभाईंनी वायरीच्या कडेनं चुना भरला, हत्यारं धुतली आणि पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता निघून गेले. बाई दारापर्यंत गेल्या, पण त्यांनी हाक मारली नाही.

आता आम्ही सांगलीत राहतो. सुनीताची बदली चार वर्षांनी झाली. पण त्या चार वर्षांत माझं काम एकदाही तुटलं नाही. आमची मुलगी त्या खोल्यांत रांगायला लागली. घरातल्या दिशा तिला बोलायच्या आधी कळायच्या. बाई आता थकल्यात. नजर कमी झालीय, नळकांड्यातला पाऊस बघायला कुणाला तरी वर पाठवायला लागतं. फोनवर मात्र आवाज तसाच. सांगलीला पूर आला की पहिला फोन त्यांचा असतो, आणि पहिला प्रश्न, "पाणी किती फुटांवर आहे? मोजलंस, का नुसतं बघितलंस?" मी अनेक हुशार माणसांच्या हाताखाली काम केलं. आपल्याला नको असलेला आकडा समोर आल्यावर तो खोडून न काढणारं माणूस मात्र मी हे एकच बघितलं.

साहेबांनी ठरवलेल्या त्या सोमवारी मी नऊला कामाला बसलो. दहाच्या सुमारास बाई बोळातून आल्या, खुर्ची ओढून माझ्या मागं बसल्या आणि चार तास तिथून हलल्या नाहीत. कारखान्यातली माणसं येत होती, बोलत होती, जात होती. दोन वाजता पडद्यावर साहेब आले. म्हणाले, "आज काही तुटलं नाही. राहा तिथंच." मी मागं वळलो तर दारात दस्तगीरभाई उभे होते, हातात जेवणाचा डबा. त्यांच्या बायकोनं बिर्याणी दिली होती. त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं.

"ह्यो मानूस कुठं हाय?"

"पुण्यात."

"आन् त्याचा आवाज भितीतनं आला?"

"व्हय," मी म्हणालो.

ते भिंतीपाशी गेले. वायरीभोवतालचा चुना अजून पुरता वाळला नव्हता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. बहिणीकडं न बघताच म्हणाले, "आपा, अब्बा असता तर रागावला नसता. त्यानं एकच इचारलं असतं. भोक सरळ गेलंय का?"

"गेलंय," बाई म्हणाल्या. "सकाळी दोन्हीकडनं मोजलं मी. सूतभरसुद्धा ढळलं न्हाई."